दोन नावांची वारस

न्हाय गं, एकच. अजित. दुसरं कोण असणार? — सांगितलं की मघाशी, मालक गेलं तवापासनं आमी दोघंच, मी अन् माझा ल्योक. तू आपलं लिव, सिंधुबाई अन् अजित, वारस दोन — अन् चहा घे आधी, साय धरली बघ. जमिनीच्या वारसनोंदीसाठी बारामतीवरनं निरवांगीपत्तूर उन्हाची आलीस, काय नाव म्हणालीस, स्वराली, व्हय. अन् ते तुझं काय, परत सांग बरं. ब्लॉकचेन. साखळी म्हण की सरळ! हितं लिवलं की लई ठिकाणच्या काम्प्युटरात एकदम उमटतंय, एक कडी दुसरीत अडकलेली, मग तलाठ्यानं म्हटलं, भावकीनं म्हटलं, तरी मागचं पुसता येत न्हाय. आमच्या गोंदणासारखं झालं की मग. बघ हे, लगनाआधीचं हाय, कातडं सुरकुतलं पण हे हाय तसं. चांगलं हाय. बापाची जमीन कुणाची कुणी गिळाय नगं.

— अन् एखादं नाव ऱ्हायलं तर? न्हाय, असंच इचारते. मागनं घालता येतंय? नवी कडी जोडाय लागती, पण पयली तशीच दिसती? म्हंजी कुणी कुणाला वगळलं ते बी दिसणार? कायमचं? … बरं. मला काय करायचंय, मी आपलं इचारलं. अजित यीलच आता, खालच्या रानात डाळिंबाला औषध मारतोय. मी यायच्या आत अंगठा देऊन टाक म्हणालाय. त्यानं सगळं नीट सांगितलंय मला, काय बोलायचं, काय न्हाय — म्हंजी, कसं लिवायचं ते.

थांब, फोन वाजतोय. — हालू? व्हय गं बाय. घेतली, गोळी घेतली. जेवूनच घेतली. न्हाय गं, कोण येतंय हितं, कुणी न्हाय, मी एकटीच हाय. आवाज? आवाज असाच, उन्हानं घसा बसलाय. तू जेवलीस? बरं. ठेव. ठेव, माझी बाय.

शेजारची हाय. रोज करती, गोळीची आठवण द्याय. — काय? फोनावर काय लिवलंय म्हणतीस? मला वाचता कुठं येतंय, अजितनंच भरून दिलीत नावं, मी आपली फोटो बघून वळखते. परत वाच. नकोशी? अनिता न्हाय? नीट बघ गं, अनिताच असंल, मी त्याला अनिता लिव म्हणाले हुते. … नकोशीच?

पोरगी हाय माझी. झालं समाधान? मालकांच्या फोटोखाली बसून तोंड वर करून सांगितलं तुला, एकच म्हणून. लाज वाटती गं. थोरली तान्हीच गेली, तिच्या पाठीवर ही झाली, तवा सासूबाई म्हणाल्या नकोशी नाव ठिवा, म्हंजी पुढचा ल्योक होतोय. अन् झाला की, अजित! शाळंत बी तेच नाव, दाखल्यावर बी तेच. कऱ्हाटीला दिली तवा सासरच्यांनी अनिता केलं, माझी पोरगी आरशात बघून म्हणली, आई, आता मी अनिता गं — किती हसली हुती! तिकडं सगळ्या कागदावर अनिता, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. अन् अजित मला म्हणतो, आई, कागदावर नकोशी ऱ्हायलीच कुठं? अनिता तर त्यांची सून. तू फकस्त गप ऱ्हा. कागदावर न्हाय म्हणतो अन् फोनात तीच ठिवलीया, बघ की!

पण त्याला तरी काय बोलू, गप तर मी बसले. म्हातारपण त्याच्या घरात काढायचंय, सून वाढंल ते खायचंय, कुणाच्या जिवावर भांडू मी? — न्हाय, ते बी खरं न्हाय. सून वाईट न्हाय माझी. अन् पोरीला नुसतं इचारलं असतं ना, तर तिनं भावासाठी हसत हक्क सोडला असता. पण इचारलं तर ती माझ्याकडं बघंल, ते मला सोसायचं न्हाय. म्हणून हे असं. ती तिकडनं गोळी घेतली का इचारती, अन् मी तिला सांगते हितं कुणी न्हाय.

तुझ्या साखळीत घालायचं तर दाखल्यावरचंच नाव लागंल? अन् पुढं, नकोशी म्हंजीच अनिता, असं घरातल्या कुणीतरी सांगाय लागंल? कोण सांगंल, अजित? मीच की. — म्हंजी बघ, नाव घातलं तरी कायमची नकोशी, अन् न्हाय घातलं तरी नकोशीच.

घाल. घाल म्हणते ना! दोन्ही नावं घाल. नकोशी, बापाचं नाव सावळाराम, तीच कऱ्हाटीची अनिता, आईनं सांगितलं म्हणून लिव. आईनं, असंच लिव. वारस तीन. दे इकडं ते यंत्र, कुठं ठिवू अंगठा? थांब, पदराला पुसते, घाम आलाय. — लागला? दिवा हिरवा झाला? गेलं सगळीकडं?

आता पुसता येत न्हाय ना? अजित म्हणाला तरी? अन् मी म्हणाले तरी? … बरं झालं. उद्या सकाळी मीच तुला फोन करीन बघ. रडंन, चूक झाली म्हणंन, पुस म्हणंन. माझं ऐकू नगंस. — ती ऐकलीस का, फटफटी त्याचीच. ऊठ. कप ऱ्हाऊ दे, मी धुते. गोठ्याकडनं वाट हाय, तिकडनं जा. जा म्हणते ना!