जर्मनचा गंज

केमिस्ट्री शिकवतो ना मी, म्हणून माहं तोंड जरा जास्तच चालते. बाबा अंथरुणाले खिळले तवा शेलूबाजारच्या जोतिष्यानं आईले सांगतलं, "शनी हाय, नीलम घाला. पयले तीन दिवस उशाशी ठेवून पाहा, सोसते काय."

आईनं मले विचारलं. मी भडकलोच. ॲल्युमिनियमले आमच्या घरी जर्मन म्हणतात, म्हणून तिले समजंल असं बोललो. "नीलम म्हणजे काय हाय वं आई? जर्मनचा गंज! त्यात चिमूटभर लोखंड अन् टायटॅनियम, म्हणून निळा दिसते. त्यानं कोनी बरं होते काय?"

आई "बरं" म्हणून सैपाकघरात गेली. मले वाटलं, पटलं.

महिन्याभरात बाबा गेले. तेरवी झाल्यावर खाट उचलली, त उशाच्या बाजूनं खाली आमचा भाताचा जर्मनचा गंज. आत चार खिळे.

"हे काय वं?"

"तूच त सांगतलं होतं."

मी म्हणत होतो लोखंडावर चढते तसा गंज. तिनं ऐकलं पातेलं.

"तीन दिवसच ठेवाचा होता, पण मी काढलाच नाही," आई म्हणे. "लोखंड म्हणून खिळे टाकले. ते दुसरं, टायटाय का काय, ते मंगरूळपीरलेबी नाही भेटलं. त्याच्यानंच गेले काय रे ते?"