मौनाचा सोमवार आणि चेपलेलं दार

मंडळी, देवाला हात जोडून झाले, कपाळाला बुक्का लागला, आता एक प्रश्न विचारते. उत्तर मनातच द्या. मोठ्यानं दिलंत तर शेजारचा ऐकेल.

आपण सगळे काही ना काही नियम धरतो. कुणाची संकष्टी, कुणाचं चार महिने कांदा-लसूण बंद, कुणाची रोजची माळ. माझेही आहेत, म्हणून तर थट्टा करायचा थोडा हक्क आहे. तर प्रश्न असा — हा नियम आपण देवाजवळ जायला धरतो, की अधूनमधून त्याच्या आड लपायलाही बरा पडतो?

मागची मंडळी हसली. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या नाहीत, म्हणजे त्यांना प्रश्न कळला.

ऐका तर. कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावच्या दोन लेकी इथे सुना म्हणून आल्यात, आणि आज माझं जेवण त्यांच्याच घरी आहे. गावात नदीच्या वाटेवर शंकराचं देऊळ, पुढे मोठं अंगण, अंगणात गाड्या लावायची सोय. या गावात राहतात कुमुदताई सरपोतदार. वय सहासष्ट. शाळेतून निवृत्त झाल्या आणि मग गाडी शिकल्या! मुलानं त्याची जुनी छोटी गाडी आईला दिली. पुढे फार छान चालवायच्या हो. मागे घेताना मात्र अडचण. आता मला सांगा, पुढे बघून जायला सगळ्यांनाच येतं. मागे वळून बघायला कुणाला आवडतं?

तर या कुमुदताईंचं व्रत होतं. श्रावणातले सगळे सोमवार, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. बारा वर्षांचा संकल्प. आणि मी सांगतेय तो सोमवार कोणता? बाराव्या वर्षातला शेवटचा! संध्याकाळी उद्यापन. अकरा मेहुणं जेवायला सांगितलेली — म्हणजे नवरा-बायकोच्या अकरा जोड्या. पुरणाची डाळ आदल्या दिवशीच निवडून ठेवलेली.

मौन कडक, बरं का. फक्त पिशवीत एक पाटी आणि खडू असायचा. भाजीवालीला पाटी दाखवायच्या — ‘भेंडी कोवळी दे.’ सुनेला पाटी — ‘दुधाखालचा गॅस बारीक कर.’ सून म्हणायची, एरवी सासूबाई एकदा सांगतात, सोमवारी मात्र लिहून डोळ्यांपुढे धरतात, ऐकू आलं नाही म्हणायचीही सोय नाही. तबलजी, तुमची मान का हलली? असू दे.

त्या सोमवारी सकाळी सात वाजता ताई देवळात आल्या. पिंडीवर दूध घातलं, बेल वाहिला, प्रदक्षिणा झाली, बाहेर आल्या. त्यांच्या गाडीशेजारी एक निळी गाडी उभी होती. कोरी करकरीत! बॉनेटवर झेंडूची माळ, आतल्या सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. गावातले औषधांचे दुकानदार सुहास मिरजकर यांची ती. आठच दिवसांपूर्वी घेतलेली, आणि पहिला अभिषेक करायला ते सहकुटुंब आत बसलेले.

ताईंनी गाडी मागे घेतली. घेतली... आणि खर्रर्र!

उतरून बघतात तर निळ्या गाडीचं दार आत गेलेलं. पितळेचं पातेलं मोरीत आपटल्यावर जसं चेपतं ना, अगदी तसं. आरसा वायरीला लोंबकळतोय. ताईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अंगणात चिटपाखरू नाही. राखणदार शिवराम, तो रोज फाटकाशी स्टुलावर बसलेला असायचा, तर स्टूलही रिकामं. देवळातला नळ गेला होता, म्हणून गुरुजींनी त्याला अभिषेकाचं पाणी आणायला घाटावर पिटाळलेलं.

मग ताईंनी काय केलं? आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? कुणाला पाय लागला की काय करायचं? नमस्कार! ताईंनी त्या निळ्या गाडीला वाकून नमस्कार केला. एवढ्यावर मनाचं समाधान होईना, म्हणून ताटातलं एक बेलाचं पान काढलं आणि काचेवरच्या वायपरखाली नीट खोचलं. आणि निघून गेल्या.

हसू नका. मन कसं चालतं ते बघा. त्या स्वतःशी म्हणाल्या, आत्ता मौन आहे, बोलता येत नाही. संध्याकाळी दिवा लागला, उद्यापन झालं, की मिरजकरांच्या घरी जाऊन सांगेन. खोटं बोलणार आहे का मी? छे! मी तर काहीच बोलत नाहीये.

अहो, पण पिशवीत पाटी होती ना? कोवळी भेंडी पाटीवर मावत होती. चेपलेलं दार तेवढं मावलं नाही.

घरी आल्या, पुरण शिजत घातलं, माळ घेऊन बसल्या. एकशे आठ मणी, पण बोट तिसऱ्या मण्यापाशीच अडकायचं. पुन्हा मेरुमणी, पुन्हा एक, दोन, तीन... आणि खर्रर्र.

इकडे देवळात काय झालं? मिरजकर अभिषेक करून बाहेर आले आणि गाडी बघून मटकन पायरीवर बसले. भला माणूस. आरडाओरड केली नाही. शहाण्या माणसानं करावं तेच केलं — चारी बाजूंनी फोटो काढले, आजूबाजूच्या दुकानांत विचारून आले, विमावाल्यांना फोन केला, पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं. मग म्हणाले, देवळाचा कॅमेरा बघू. देवस्थानचे अध्यक्ष अण्णा कारखानीस आले, त्यांनी मोठ्या अभिमानानं कॅमेरा दाखवला. काय दिसलं? दानपेटी! पुढून दानपेटी, बाजूनं दानपेटी. अंगण कुठेच नाही. आपण कशाची राखण करतो ते कॅमेऱ्याला बरोब्बर ठाऊक असतं.

मग राहिला कोण? शिवराम. बावीस वर्षं देवळामागच्या खोलीत राहणारा, बायको हौसा देवळाचं अंगण झाडणारी, दोघांना ना मूलबाळ, ना दुसरं घर. पाण्याच्या कळशा घेऊन तो आला तेव्हा अण्णा त्याची वाटच बघत होते. तो म्हणाला, मी पाण्याला गेलो होतो, मला ठाऊक नाही. गुरुजीही म्हणाले, मीच धाडलं त्याला. अण्णा म्हणाले, मग फाटक लावून जायचं होतंस. आणि ठाऊक नाही कसं? घाटाच्या वाटेवरून फाटक दिसतं. कुणाला तरी पाठीशी घालतोयस तू. गावापुढे देवस्थानचं नाव गेलं, दुपारच्या आत खोली रिकामी कर!

मंडळी, एक दार चेपलं होतं. आता एका घराचं दार बंद व्हायची वेळ आली.

अकरा वाजता कुमुदताई उद्यापनाचं सामान घेऊन देवळात आल्या. अंगणात पंचवीस-तीस माणसं. हौसा खोलीच्या उंबऱ्यात बसलेली, शिवरामच्या हातात धोतराचं गाठोडं. ताईंना पाहून मिरजकर पुढे झाले. म्हणाले, ताई, तुम्ही सकाळी लवकर येता, तुम्ही कुणाला बघितलंत का?

लगेच चार बायका मधे पडल्या. अहो, ताईंचं मौन आहे, आज शेवटचा सोमवार आहे, असं काय करता! एकीनं तर मिरजकरांना पापाची भीतीही घातली. ताई उभ्याच्या उभ्या राहिल्या. कसा सुरेख आडोसा मिळाला बघा! आपण काही करायलाच नको, गावच आपली राखण करतंय.

आणि मग गाठोडं हातात धरलेला शिवराम बोलला. हळू बोलला.

“मिरजकर साहेब, ताईंना बोलाया लावू नका. बारा वर्सांचं हाय त्यांचं. माज्यापायी मोडाया नको.”

(चिपळ्या थांबवते मी इथे. मला हे वाक्य ओलांडून लगेच पुढे जाता येत नाही.)

ज्याचं घर जातंय, तो दुसऱ्याचं व्रत राखतोय. आणि जिचं व्रत आहे, ती...

गुरुजी भले. ते म्हणाले, अहो, ताईंकडे पाटी असते ना, त्यावर लिहू द्या, म्हणजे व्रतही राहील. सुटका झाली की नाही! माणूसही वाचेल, उद्यापनही होईल, मेहुणंही जेवतील. ताईंनी पाटी काढली. खडू टेकवला. ‘मी’ एवढं लिहिलं आणि थांबल्या. शिवरामकडे बघितलं. बावीस वर्षं त्याला ओळखत होत्या. पगाराच्या कागदावर अंगठा उठवताना पाहिलेलं होतं. शिवरामला वाचता येत नव्हतं.

सगळ्या गावाला वाचता आलं असतं. ज्याला कळायला हवं, त्यालाच नाही.

ताईंनी पाटी पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, “शिवराम, गाडी मी ठोकली. सात वाजता. आणि कुणाला न सांगता घरी गेले. तुझं काही चुकलं नाही.”

हौसानं पदर तोंडाला लावला. मिरजकरांनी विचारलं, “ताई, मग ते बेलाचं पान?”

“तेही मीच.”

आधी मिरजकर हसले, मग सगळं अंगण हसलं. एकटे अण्णा तेवढे हसले नाहीत. ताईंचं मौन सुटलं, ते जाऊन अण्णांना लागलं! पण मंडळी, माणूस वाईट नव्हता. त्यांनी शिवरामच्या हातातलं गाठोडं घेतलं, स्वतः खोलीत नेऊन खुंटीला अडकवलं, आणि बाहेर येताना हौसापुढे हात जोडले. अध्यक्षांना हे सोपं नसतं.

दाराची दुरुस्ती कशी झाली ते विचारू नका. ताईंनी नीट करून दिली. हे कीर्तन आहे, गॅरेज नव्हे.

आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी म्हणाले असतील, ताई, सत्य बोललात, तुमचं व्रत पूर्ण झालं. नाही म्हणाले! ताईंनी विचारलं तेव्हा गुरुजींनी पंचांग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “मोडलं, ताई. मोडलं ते मोडलं. पुढच्या श्रावणात पहिल्या सोमवारी या, पुन्हा एकपासून.”

“गुरुजी, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होईन.”

“शंकराला घाई नाही.”

ताई म्हणाल्या, बरं. पुरण शिजलेलंच होतं, ते वाया कसं घालवायचं? संध्याकाळी उद्यापन झालं नाही, पंगत मात्र दिवे लागायच्या आधीच बसली. पहिल्या पाटावर कुणाला बसवलं ते सांगायला हवं का? शिवरामला आणि हौसाला. आणि त्या श्रावणी सोमवारी, बारा वर्षांत पहिल्यांदा, कुमुदताईंनी वाढताना तोंडानं आग्रह केला. शिवराम पुरे म्हणत होता, त्या ऐकत नव्हत्या.

तर मंडळी, आख्यान संपलं. शिवरामचं घर राहिलं, ताईंचं व्रत मोडलं. दोन्ही एका वाक्यानं झालं. कोणतं जड, ते तुम्ही घरी जाऊन तोला.

मी आता गजर म्हणून तुमचा निरोप घेणार. पण त्याआधी एक राहिलं. मघाशी मी रिक्षातून या देवळाच्या दारात उतरले. उजव्या हाताला, पिंपळाखाली, एक करडी गाडी उभी आहे. तिच्या मागच्या दिव्याचा चुरा झालाय. लाल काचा अजून जमिनीवर तशाच आहेत, कुणाच्या पायाखाली आलेल्या नाहीत, म्हणजे गोष्ट आत्ताचीच. गाडीचा मालक इथेच कुठेतरी टाळ्या वाजवतोय, त्याला बिचाऱ्याला अजून ठाऊक नाही. आणि ज्याला ठाऊक आहे, तोही इथेच टाळ्या वाजवतोय.

मी नाव विचारत नाही. मी बघितलेलंही नाही. मी फक्त डोळे मिटते, आणि तुम्हीही सगळे मिटा. पेटीवाले, सूर द्या, जरा मोठा द्या, म्हणजे पावलं ऐकू येणार नाहीत. ज्याला उठायचंय त्यानं उठावं, बाहेर त्या गाडीपाशी जाऊन उभं राहावं. मालक येईलच.

आणि तोंडानं सांगा हो. बेलाचं पान ठेवू नका.

म्हणा — सांब सदाशिव, सांब सदाशिव...