फडक्यात गुंडाळलेला पाना

मुळगावातल्या शेडमधलं माझं धातूत खाचा पाडायचं छोटं मिलिंग मशीन तुम्ही पाहिलंय ना? त्याला मी हौसेनं झटपट कटर बदलायचा होल्डर बसवला. आता कटर सोडवायला पान्याची गरजच नाही! गंजू नये म्हणून पाना त्याच्यावरच पडलेल्या पुसायच्या फडक्यात गुंडाळून पेटीत टाकला.

पहिलंच काम देवळाच्या पालखीची पितळी पट्टी. अर्ध्यावर कटर बदलला, नवा डगमगत फिरला आणि खाच नको तेवढी रुंद झाली. पट्टी फुकट.

खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शाबूमामा बघायला आले. त्यांनी होल्डरच्या आत बोट फिरवलं आणि पितळेचा बारीक कीस काढून दाखवला; कटर तिरका बसायला तेवढा पुरेसा होता.

"पुसलं नव्हतंस रे?"

"पूर्वी कधी विसरलो नाही, मामा."

"मग फडकं खंय?"

मी पेटीकडे बघितलं. "पान्याला गुंडाळलंय."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "पूर्वी पान्यासाठी हात घालायचास, तेव्हा आधी फडकंच हाताला लागायचं."