पाहणीवाल्यांना काय सांगायचं

माझं माहेर दाभोशाचं, नदीकाठचं, आन सासर हितं साखरशेतला. शाळा काय मी बघितली नाय. भाताचं काम उरकलं, दिवाळी झाली का आईबाप जगायला निघायचे, म्हणजे खाली वीटभट्टीवर, आन मी त्यांच्याबरोबर. लग्न झालं तरी भट्टी काय सुटली नाय, नवऱ्याबरोबर तिथंच. आता गुडघे गेले, म्हणून वसंतदादाच्या वसतिगृहात सैपाक करते.

वसंतदादा आमच्याच गावचा. त्यानी लहानशी संस्था काढली, का आईबाप भट्टीवर गेले तरी पोरांनी हितं ऱ्हावं, शाळा शिकावी. पैसा देतात जव्हारचे निधीवाले, म्हणजे तिथले मास्तर, दुकानदार, आन मुंबईला नोकरीला लागलेली आपलीच माणसां, सगळी मिळून वर्गणी गोळा करतात आन जव्हार-मोखाड्याच्या असल्या लहान संस्थांना देतात. मागणारे लय, म्हणून दरसाली गणपती झाले का पाहणी. जीप येते, घरोघर विचारतात, मंग ठरवतात कुणाला द्यायचं. वाईट माणसां नाहीत, खोटं कशाला बोलू.

तर एका साली त्यांचे गुरुजी आले, रिटायर झालेले, आन जनीआजीच्या वट्यावर बसले. आजीची दोन नातवां आमच्याकडं. गुरुजी म्हणाले, आजी, अडचण काय ती सांगा. आजीनी कोरा चहा पुढं केला आन म्हणाली, काय नाय गुरुजी, बरं हाय. घरात भाकरीची नागली संपलेली, तरी बरं हाय. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्या घरात तेच. आता काय सांगू तुम्हाला, आमच्यात दारात आलेल्या पाव्हण्यापुढं कुणी रडत नाय, त्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, बरं हाय म्हणायचं. गुरुजींनी तेच लिहून नेलं. मंग निरोप आला, का तुमच्या गावाचं बरं चाललंय, यंदा दुसऱ्या गावाला गरज जास्ती. झालं. वसतिगृहातली माझी चूल त्या साली पेटलीच नाय. दिवाळीनंतर पोरां आईबापाबरोबर टेम्पोत बसून गेली, मी रस्त्यावर उभी राहून बघत होती.

पुढच्या साली दादानी सगळ्यांना बसवून सांगितलं, का या बारीला दुखणं बोला, लाजू नका. गुरुजी आले आन जनीआजी सवयीनी परत बोलली, बरं हाय. गुरुजींबरोबर आलेली पोरगी लिहायला लागली. मी आत आजीच्या चुलीवर चहा ठेवत होती, तशीच बाहेर आली, म्हणाली, थांबा गुरुजी, बरं नाय.

आन मंग मी सुंदीचं सांगितलं. माझी सुंदी, चार वर्सांची, भट्टीवर तापानी फणफणली, शेठ म्हणाला आधी गाडी भरून द्या मंग जा, आमी इटा भरत बसलो, आन दुपारी तिला घेऊन निघालो तर वाटेतच माझ्या हातावर गेली. होळीला चार दिवस होते. हे मी नवऱ्याशी पण कधी बोलली नव्हती. गुरुजींनी चष्मा काढला. लिहिणारी पोरगी लिहायची थांबली.

निधी मिळाला. तेव्हापासून दरसाली मिळतो, पोरां हितं जेवतात, देव त्या माणसांचं भलं करो. पण निधीत नवीन माणसां येतात ना, गुरुजी त्यांना माझ्याकडंच आणतात, म्हणतात, ह्या मावशींचं ऐका. मी सांगते. पहिल्या बारीला रडली होती, आता पाणी येत नाय डोळ्यात, तोंडपाठ झालंय, आन त्याचीच लाज वाटते. सुंदीला आठवायला जाते तर सांगायचं तेवढंच आठवतं, ताप, शेठ, ती वाट. ती हसायची कशी, मला काय म्हणून हाक मारायची, ते आता येतच नाय.

परवा जीप यायची हाय. सांगीन.