पाणीवाले काका आणि निळ्या काठाची बशी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आदरणीय संचालक, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती पाणीवाले काका, पहिल्या रांगेत अवघडून बसलेल्या आमच्या काकू, आणि चहा वेळेवर मिळेल या आशेने जमलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी घड्याळ दाखवूनही झालं. पण मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हे बोलायला मला अकरा वर्षं उशीर झाला आहे.

आज निवृत्त होणारे काका तेहतीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. काम काय? तर पाणी. नळाचं पाणी उकळायचं, वाफ थंड करून शुद्ध पाणी धरायचं, त्यात मोजून क्षार विरघळवायचा आणि आमच्या पट्ट्या त्यात भिजत घालायच्या. घरच्या मंडळींसाठी सांगते, ही पट्टी म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदा, दोन्ही अंगांना धातूचा मुलामा दिलेला. छोट्या बॅटरीची तार जोडली की ती बोटासारखी वाकते. मोटार नाही, चाक नाही, आवाज नाही. मग तिला वाकवतं कोण? पडद्याच्या आत, पाण्यात असलेले क्षाराचे विद्युतभारित कण. तार जोडली की ते एका अंगाला धावतात, सोबत पाणी नेतात, ते अंग फुगतं आणि पट्टी दुसरीकडे वळते.

म्हणजे सगळं आलं कणांवर. आमच्या क्षारातला लिथियमचा कण चपळ. बोलावलं की पाण्याचा लवाजमा घेऊन निघालाच. कॅल्शियमचा कण म्हणजे सभागृहात दोन खुर्च्या अडवून बसणारा पाहुणा. एकदा टेकला की हलत नाही. मागे कोण हसलं? तुमच्याविषयी नाही हो. आणि हे कॅल्शियम असतं कुठे? ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, त्या जड पाण्यात.

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरसाहेबांना रक्तवाहिनीत सरकवायची अशी बारीक नळी हवी होती, जिचं टोक आतल्या आत हळूच वळेल. ते टोक आमच्या पट्टीचं. माझी नेमणूक तात्पुरती होती. समितीपुढे पट्टी वाकली तर मी राहणार, नाहीतर चंबूगबाळं आवरून घरी. आणि तीन आठवडे आधी पट्ट्या रुसल्या. बारा पट्ट्या, बाराही ढिम्म. तपासल्या, तर आत लिथियमच्या जागी कॅल्शियम. म्हणजे कुठेतरी नळाचं पाणी लागलं होतं.

आता सांगा, अशा वेळी माणूस आधी कुणाकडे बघतो? आरशात तर नक्कीच नाही. पाण्याचं काम काकांचं, म्हणून मी दोन ओळींची तक्रार लिहिली, की काकांनी शेवटची धुलाई नळाखाली केली. तेव्हाच्या संचालकांनी त्यांना तळमजल्यावर सामानाच्या कोठारात पाठवलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, साक्षीदार बघितलात का?"

साक्षीदार ही काकांची पद्धत. प्रत्येक खेपेतली एक पट्टी ते शेवटच्या पाण्यासकट वेगळ्या बरणीत बंद करून ठेवत. झाकणावर तारीख, क्षाराचं नाव, आणि त्यापुढे 'हात', म्हणजे काम कुणी केलं ते. मी रागात होते, ऐकून घेतलं नाही. समिती सहा दिवसांवर आली, काका खाली जाऊनही पट्ट्या ढिम्मच, तेव्हा कुठे त्या बिघडलेल्या खेपेची बरणी उघडली. तार जोडली. पट्टी झोकात वळली.

म्हणजे काकांच्या हातून पट्टी चांगलीच निघाली होती. मग त्यांची बरणी आणि माझी तार, यांच्या मध्ये काय होतं? माझी बशी. टेबलावर मांडामांड होईपर्यंत पट्ट्या वाळू नयेत म्हणून मी त्या बशीत, भिंतीवरच्या नळाच्या पाण्यात ठेवत असे. दोन वर्षं निभावलं, कारण पाणी मऊ होतं. त्याच महिन्यात इमारतीला बोअरचं जड पाणी सुरू झालं. अर्धा तास बशीत, आणि कॅल्शियम खुर्च्या अडवून मोकळं!

बशी टाळली, समितीपुढे पट्टी वाकली, मी कायम झाले. काकांना वर बोलावलं. काय म्हणून? "काका, काम वाढलंय." 'चूक माझी होती' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी बशी गायब, आणि तिच्या जागी शुद्ध पाण्याने भरलेलं काचेचं झाकणाचं भांडं. मला वाटलं, बशी फुटली असेल. मनातल्या मनात सुटलेच मी. ते भांडं अकरा वर्षं रोज सकाळी भरलेलं असायचं.

तक्रार मात्र राहिली, आणि तिचा विनोद झाला. "काका, नळाचं नाही ना?" तुम्ही सगळ्यांनी केलाय. एका स्नेहसंमेलनात तो काकूंच्या समोर झाला, आणि त्यानंतर काकू आपल्याकडे कधी आल्या नाहीत. आज आल्या आहेत. त्या हसणाऱ्यांत मीही होते, याची मला लाज वाटते.

परवा हिय्या करून काकांना सगळं सांगितलं. ते बरण्या पुसत होते. म्हणाले, "बशी मीच उचलली होती, मॅडम."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. तुमचं पाणी जरा उशिरा उकळतं."

मी म्हटलं, फाइलमधली तक्रार रद्द करून घेते. तर म्हणाले, "फाइल कोण वाचतंय? विनोद मात्र हिनं ऐकलाय. एवढं हिच्यासमोर सांगा."

तर काकू, ऐका. तुमच्या नवऱ्याने तेहतीस वर्षांत एकही पट्टी नळाखाली धरली नाही. नळाच्या पाण्यात ठेवली ती मी. संचालकसाहेबांनी काल तसं लेखी नोंदवलं आहे, पण मोठ्याने मी आत्ता सांगते आहे.

हुश्श! काय हलकं वाटतंय म्हणून सांगू! ...काय म्हणताय काकू? बशी निळ्या काठाची होती का? हो, निळ्याच काठाची. ...घरी आहे? तुम्ही रोज तिच्यातूनच चहा पिता? अहो काका!

असो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं मी दर समारंभात सवयीने म्हणते. आज ते पहिल्या रांगेकडे बघून, खरोखर म्हणते आहे. उद्या सकाळी ते भांडं मी भरणार आहे, काका. झाकणावर तारीख घालीन, आणि हात माझा लिहीन.