गादीवर पहिला मान

(दिवाळीच्या तोंडावर, श्रेणिकशेठच्या कापडदुकानात. शब्बीर पिंजारी दरसालसारखी बैठकीची गादी पिंजून, भरून घेऊन आला आहे.)

शब्बीर : म्हंजे तुले पयलेपासून मालूम व्हतं!

श्रेणिक : आधी गादी तर खाली ठेव. खांद्यावर घेऊन भांडतोस काय?

शब्बीर : ठेवस. पन तूच म्हनना व्हता ना, "शब्बीर, पालिका कर वाढाई ऱ्हायनी, दुकानवाला काय नि पाटीवाला काय, सगळे एक राहू, बाजार बंद ठेवू"? मी घर-घर हिंडनू. करमसिंगनी हातगाडी लावी नही. धडगावनी फुलीबाई जीपमा आमचूर लई उनी, तिले मी माघारी धाडं. मन्हा शब्दवर!

श्रेणिक : खोटं नव्हतो बोललो रे. मीटिंगला सगळ्यांसाठीच गेलो होतो.

शब्बीर : आन मीटिंगमाईन उठनात तव्हय कोनासाठे?

श्रेणिक : ऐकून तर घे. धंदा राहिलाय का कुणाचा? लग्नसराईतसुद्धा माल उठला नाही. बांधकामं थांबली, जागेचे व्यवहार थांबले, पालिकेला सरकारकडून येणारा पैसाही आटला. पालिकेला पगार तर करायचेच. आम्ही म्हटलं, नफाच नाही तर आमचा कर कशाला वाढवता? पटलं त्यांना.

शब्बीर : पटनं. मंग खड्डा कोनी भरा?

श्रेणिक : चहा घेणार का?

शब्बीर : चहा ऱ्हाऊ दे भो. सांग.

श्रेणिक : बाजार फी दुप्पट झाली. त्यांचं म्हणणं, आता नफा कुठे दिसतच नाही. रस्त्यावर बसणारा मात्र दिसतो. माल विकला जावो न जावो, बसला की पावती.

शब्बीर : आन तठे तू काय म्हनना?

श्रेणिक : ठरावावर सही केली.

शब्बीर : वा रे वा! मंदी काय तुन्हाच दुकानमा उनी? फोमना गाद्या उन्यात, मन्हाकडे पिंजाले कोन येस? फुलीबाईना आमचूर तसाच पडेल शे.

श्रेणिक : दुकानातली माणसं काढावी लागली असती, शब्बीर. माझा नाइलाज होता. बरं, तुझी पावती मी भरतो. रोजची. झालं?

शब्बीर : मन्ही! आन फुलीबाईले काय सांगू? काल सगळा बाजारमा तिनी इचारं, "शब्बीरभाई, आम्हाले घर बसाडीसन तुले काय भेटनं?" तिले वाटस, मी बी तुमन्हामा मियेल शे. अब्बापासून बठी ऱ्हायनूत आम्ही त्या बाजारमा, आजलोंग आमन्हा शब्दवर कोनी शक घिदा नही. तू मले ईकी टाकं, श्रेणिक.

श्रेणिक : असं नको रे बोलू. लहानपणापासूनचे आपण.

शब्बीर : म्हनीसन तर ईकायनू.

धनकंवर (श्रेणिकची आई, आतून येत) : श्रेणिक, शब्बीर आला का रे? अरे बेटा, उभा काय राहिलास? अंथर गादी. तुझ्या अब्बांच्या वेळची रीत आपली. ज्याने भरली तो पहिला बसणार, शेठ मागून.

श्रेणिक : बस ना, शब्बीर. आई म्हणतेय.

शब्बीर : नको, काकी. तुमन्हा पोऱ्याले बसू द्या. मी बठनू का पावती फाडतस.