सोंशीला डोळे नाहीत, तपासणी माझी

...नाही, तुम्हीच सांगा, डोळे तिला नाहीत आणि तपासणी माझी! तिला म्हणजे सोंशीला हो, आमच्या गंगेतल्या डॉल्फिनला. टाचणीनं टोचल्यासारखं भोक, त्याला म्हणायचं डोळा, आत भिंगच नाही, कानाचं तेच, आणि नाक तर चक्क टाळूवर... आता मी टाळूवर नाक घेऊन कहलगावच्या बाजारात फिरलो असतो तर कुत्री मागे लागली असती की नाही? पण तिला गणतीवाल्या मॅडम म्हणणार, अद्भुत! पंखात पाच बोटांची हाडं आहेत, पाच, आणि जन्मात कधी जाळं विणलं नाही. पोहते कुशीवर, झोपते अर्ध्या मेंदूनं. मी घरी म्हटलं, मीही तसाच झोपतो, तर आमची बायको फुलमतिया म्हणाली, "मग उरलेला अर्धा जागा कधी असतो, तेवढं कळवा."

तर झालं काय, गणतीच्या नावेत पुढच्या फळीवर बसून सोंस मोजणाऱ्याला निळी टोपी मिळते, वर सोंशीचं चित्र. पन्नास वर्षं नाव वल्हवली मी, टोपी माझीच! पण मॅडमनी भिंतीला अक्षरांचा तक्ता लावला, वाचा म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मोतीबिंदू आत्ताचा आहे, शाळा तर दुसरीतच सुटली, डोळे धड होते तेव्हा तरी कुठं वाचत होतो? डोळे तिला नाहीत, तपासणी माझी... आणि समोर उमेदवार कोण, तर माझा साला बटोरन, ज्याला वल्हं कुठल्या टोकाला धरतात ते मी शिकवलं!

मी अडूनच बसलो. सोंस कानानं मोजतात. श्वासाला वर आली की 'सूंऽस' करते, नावच त्यावरून पडलंय. मॅडम म्हणाल्या, बघू. नाव सुटली, मी डोळे मिटून ऋषीसारखा फळीवर, मागे बटोरन. सूंऽस, एक. सूंऽस, दोन... अकरापर्यंत मॅडमच्या वहीशी बरोब्बर जुळलं! त्यांनी टोपी पिशवीतून काढली, मला कोऱ्या कापडाचा वाससुद्धा आला, तुम्हाला सांगतो, माझी मान आपोआप पुढे झाली... आणि तेवढ्यात अगदी कानाशी, सूंऽऽस, सूंऽऽस.

"बारावी," मी म्हटलं, "म्हातारी आहे, छातीत कफ दिसतोय, नावेला चिकटूनच आहे."

मग बारावी सोंसच बोलली.

"जीजा, मी आहे. दमा."

वीस वर्षांचा दमा हो त्याचा, काढा मीच उकळून देतो! पण टोपीपुढं आठवतंय कोणाला?

टोपी बटोरनच्या डोक्यावर गेली. फुलमतिया भावाला रोज सत्तू बांधून देते, वर मला म्हणते, "त्याला दिसतं तरी." अहो, सोंशीला दिसतं का? ती आंधळी तर तिला देशाचा मान, मी आंधळा तर मला तांदळातले खडे वेचायला बसवलंय, तेही सापडत नाहीत.

डोळे तिला नाहीत, तपासणी माझी... जाऊ दे. आता संध्याकाळी घाटावर बसतो. समोरून 'सूंऽस' ऐकू आलं की गंगेतली का सासरची, तेवढं कळत नाही. हात जोडून टाकतो.